पट वीस, हजर एकोणीस

“विद्यार्थी हाच शाळेचा केंद्रबिंदू आहे,” रोहिदास गुरुजींनी सांगितलं, आणि विसावा केंद्रबिंदू अजून का आला नाही ते बघायला ते खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले.

शितल मॅडमनी वाक्य लॅपटॉपवर उतरवून घेतलं. “पुढं काय लिहू, सर?”

“पूर्णविराम द्या.”

कारेगावच्या हद्दीत, कारखान्यांच्या कुंपणाला पाठ लावून जिल्हा परिषदेची पाझरवस्ती शाळा उभी आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. रांजणगावच्या एका कंपनीला समाजसेवा करायची होती आणि ती मार्चच्या आत करायची होती. त्यासाठी तिला एक शाळा दत्तक हवी होती. दत्तक घेण्याआधी मूल कसं आहे ते बघायची रीतच आहे, म्हणून कंपनीनं शाळेचा एक पानी परिचय मागवला होता. शाळेची वैशिष्ट्यं, भौतिक सुविधा, विद्यार्थ्यांचं स्वरूप. सोबत एक छान फोटो.

“विद्यार्थ्यांचं स्वरूप म्हणजे काय लिहायचं?” मॅडमनी विचारलं.

“आहे ते लिहा. सहा इथली, चौदा खोल्यांवरची.”

खोल्यांवरची म्हणजे हौसरावांच्या शेतातली. हौसरावांच्या अडीच एकरात पूर्वी फ्लॉवर निघायचा; आता बेचाळीस खोल्या निघतात. त्या पत्र्याच्या खोल्यांत गोंडा, बलिया, जालना, नांदेड अशी गावं ओळीनं राहतात आणि शिफ्टप्रमाणे झोपतात. हौसरावांची स्वतःची नातवंडं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातात. ती बस रोज पाझरवस्ती शाळेच्या फाटकासमोरच वळते, कारण वळायला तेवढीच जागा आहे.

“मातृभाषा?”

“भोजपुरी चार, अवधी तीन, हिंदी दोन, बंजारा एक. राहिलेली दहा मराठी.”

“पालकांचा व्यवसाय?”

“कंपनी.”

“कुठली?”

“ते लिहू नका. आठ महिन्यांनी बदलते.”

“स्वच्छतागृह आहे, असं लिहू?”

“लिहा.”

“पाणी नाहीये त्याला.”

“पाण्याचं विचारलंय का त्यांनी?”

मॅडमनी पान खाली-वर सरकवून पाहिलं. “नाही.”

“मग.”

फोटो मात्र खरोखरच छान होता. ऑगस्टमध्ये मॅडमनी मोबाईलवर काढलेला. चौथीतली अंशिका स्टुलावर चढून वऱ्हांड्यातल्या फळ्यावर लिहिते आहे आणि मागं वळून बघते आहे. फळ्यावर तीन ओळी: पट २०, हजर २०, गैरहजर ०.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांचं मंत्रिमंडळ असतं. पाझरवस्तीत आरोग्यमंत्री नखं बघायचा, पर्यावरणमंत्री लिंबाला पाणी घालायचा, आणि अंशिका उपस्थितीमंत्री होती. सकाळी परिपाठ झाला की ती वऱ्हांड्यात उभी राहून हजेरीची वीस नावं तोंडपाठ म्हणायची. यादी तिला बघावी लागत नसे. सातवा नंबर तिचा स्वतःचा. तिथं आली की ती स्वतःचं नाव स्वतःच घ्यायची आणि “हजर” असं स्वतःच ओरडायची, बाकीच्यांपेक्षा जोरात. मग फळ्यावर आकडे. तीन वर्षांपूर्वी पहिलीत आली तेव्हा तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. लिहायची मराठी तिला गुरुजींनी शिकवली आणि बोलायची खिचडीवाल्या भागुबाईंनी. त्यामुळे गोंडा जिल्ह्यातली ही मुलगी निबंध पुस्तकासारखा लिहायची आणि बोलायची मात्र भागुबाईंसारखी.

ती आज आली नव्हती. शनिवार होता, सकाळची शाळा. फळा कोरा होता.

“गुर्जी,” भागुबाई दारात आल्या, हातात तांदळाचं माप. “आज किती धरू? खोल्यांवं टेम्पो लागलाय.”

“कुणाचा?”

“त्या रामसजीवनचा. आपल्या मंत्रीणबाईचा बाप. त्येचं काम सुटलं म्हनं. गॅस, पलंग, समदं चढवलं टेम्पोत.”

मॅडमचे हात लॅपटॉपवर थांबले. त्या खोलीतल्या दोघांनाही गणित येत होतं.

गणित असं. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की दुसरा शिक्षक जातो. तीस सप्टेंबरला संगणकावर जेवढी नावं असतील, तो त्या वर्षाचा पट. एक ऑक्टोबरला मुलं वर्गात असली काय, विमानानं परदेशी गेली काय, सरकारची हरकत नसते. पाझरवस्तीचा पट बरोबर वीस होता. दुसऱ्या शिक्षक शितल मॅडम होत्या. भोरच्या डोंगरात चार वर्षं काढून त्या गेल्याच वर्षी बदलीनं इथं आल्या होत्या. नवरा रांजणगावला कंपनीत, मुलगी दीड वर्षांची. पट गेला तर त्या अतिरिक्त ठरणार, आणि अतिरिक्त शिक्षकाला रिकामी जागा जिथं असेल तिथं जावं लागतं. रिकामी जागा नेहमी डोंगरातच असते.

नऊच्या सुमारास रामसजीवन आला. धुतलेला शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मागं अंशिका, दप्तरासकट. टेम्पो फाटकाबाहेर चालू ठेवलेला होता.

“गुरुजी, इसका टीसी दे दीजिए,” तो दारातूनच हात जोडून म्हणाला. “भांडगाँव में काम मिला है, हाईवे पर, गोदाम में. वहाँ के स्कूल में पूछा, बोले टीसी लाओ.”

गुरुजींच्या टेबलाचा वरचा खण. त्यात दाखल्यांचं पुस्तक, त्याच्यावर शिक्का, शिक्क्यावर शाईचा पॅड. सगळं एका हाताच्या अंतरावर होतं.

“आज नहीं होगा,” गुरुजी म्हणाले. “साइट बंद है.”

“साइट तर चालू हाय की गुरुजी,” अंशिका म्हणाली. “मॅडम त्याच्यातच लिवत्यात.”

“ती वेगळी साइट.”

“कंची?”

“तू बस जरा,” गुरुजी म्हणाले.

ती बसली नाही. बापानं तिच्याकडं पाहिलं, मग गुरुजींकडं. “कब आऊँ?”

“तीस तारीख के बाद.”

“तब तक वहाँ नहीं बिठाएँगे, गुरुजी.”

“बिठाएँगे. कायदा है. टीसी के बिना भी बिठाना पड़ता है.”

कायदा खरोखरच तसा आहे. गुरुजींनी त्या सकाळी सांगितलेल्या गोष्टींत तेवढी एकच खरी होती, आणि तीच सगळ्यात निरुपयोगी होती. रामसजीवन कायद्याशी वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्यानं पिशवीला गाठ मारली.

भागुबाई मध्येच म्हणाल्या, “आरं, पन खाऊन तरी जावा. पाच मिंटात शिजतोय भात.”

“टेम्पोवाला वरडतोय भागुआजी,” अंशिका म्हणाली. मग ती वऱ्हांड्यात गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती गेल्यावर मॅडम बाहेर जाऊन आल्या. जाता जाता ती फळा भरून गेली होती. पट २०. खालच्या दोन ओळींत नुसती शीर्षकं. आकड्यांच्या जागा रिकाम्या सोडलेल्या. नावं घेतली नव्हती ना अजून.

“सर,” मॅडम म्हणाल्या. “मी काही म्हटलं नाही हं तुम्हाला.”

“तुम्ही कुठं काय म्हणालात.”

“नाही, नंतर कुणी म्हणायला नको, की माझ्यामुळं.”

“परिचय पूर्ण करा,” गुरुजी म्हणाले. “शाळेची वैशिष्ट्यं राहिलीत.”

वैशिष्ट्य लिहिण्यासारखं पाझरवस्तीत एकच होतं आणि ते नुकतंच संपलं होतं.

सप्टेंबरमध्ये दाखले न देण्याची पद्धत कुठल्याही परिपत्रकात नाही, पण सगळीकडं पाळली जाते. सप्टेंबर उजाडला की एखाद्या शाळेचा शिक्का हरवतो, एखादीची दाखल्यांची पुस्तकं संपतात, एखाद्या मुख्याध्यापकाचा उजवा हात दुखायला लागतो. ऑक्टोबरच्या एक तारखेला शिक्के सापडतात आणि हातही बरे होतात. यात कुणी कुणाला नावं ठेवत नाही. फक्त रोहिदास गुरुजी यात नव्हते.

गुरुजींचे वडील सालगडी होते. पाडव्याला साल संपायचं, मालक बदलायचा, गाव बदलायचं, आणि परीक्षा एप्रिलात असायची. दौंड तालुक्यातली तीन गावं मिळून रोहिदासची तिसरी झाली. दुसऱ्या गावच्या मास्तरांनी दाखल्यासाठी वडिलांना सात खेटे घालायला लावले होते. त्यात मास्तरांचा काही स्वार्थ नव्हता, त्यांना नुसता कंटाळा येत असे. म्हणून नोकरीला लागल्यावर गुरुजींनी एक नियम केला. मागेल त्याला त्याच दिवशी दाखला. पाऊस असो, जनगणना असो, निवडणुकीचं काम असो. आता त्यांना एकतीस वर्षं झाली होती आणि येत्या मेमध्ये निवृत्ती होती. त्यांच्या नावावर आदर्श शिक्षक पुरस्कार नव्हता, एखादा गाजलेला उपक्रम नव्हता, वर्तमानपत्रात फोटो नव्हता. हा एक नियम होता, आणि तो कुणाला माहीतही नव्हता. त्यामुळे तो मोडल्याचंही कुणाला कळलं नाही.

सोमवारी गुरुजींनी हजेरीपत्रक उघडलं. सात नंबरपुढं पेन थांबलं. संगणकावर पट वीस ठेवायचा आणि हजेरीत मुलगी महिनाभर गैरहजर दाखवायची, तर तपासणीला येणारा विचारणारच. त्यांनी हजेरीची रेघ ओढली. मंगळवारी पेन कमी वेळ थांबलं.

फळा लिहायचं काम मॅडमनी घेतलं, कारण नवा उपस्थितीमंत्री नेमायचा तर जुना गेला हे मुलांना सांगावं लागलं असतं. मुलांना ते माहीत होतं. एका पहिलीतल्या पोरानं विचारलंही, “मॅडम, आपण एकोनीस हाय. तुमी वीस का लिवता?”

“अंशिका आजारी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“आजारी म्हंजी गैरहजर ना?”

गणित या विषयात शाळेची प्रगती चांगली होती, असं परिचयात लिहिलेलं होतंच.

भागुबाईंचं वेगळं. त्यांना संगणक माहीत नव्हता. त्या ताटं मांडायच्या, आणि ताट खोटं मांडता येत नाही. “कागदावं वीस, ताटं एकुनीस,” त्या गुरुजींना ऐकू जाईल अशा बेतानं पातेल्याशी बोलायच्या. “येक ताट हवंत जेवतंय आमच्या शाळंत.”

“भागुबाई, मॅडमची बदली झाली तर चालंल का तुम्हाला?” गुरुजींनी एकदा विचारलं.

“मला काय चालायचं हाय गुर्जी? मॅडम गुणाच्या हायत. पन पोरगी कुठं हाय ती, येवढंच इच्यारते मी.”

“शाळेत बसली असेल तिकडं.”

“आसंल म्हंजी? इच्यारलं न्हाई व्हय तुमी?”

गुरुजींनी विचारलं नव्हतं. ते तिसऱ्या आठवड्यात आपोआप कळलं. फोन आला, भांडगावकडच्या एका वस्तीवरच्या शाळेचे मुख्याध्यापक, संपत सर.

“गुरुजी, एका मुलीची रिक्वेस्ट टाकलीय ऑनलाइन. बघितली का?”

“बघितली.”

“तीस तारखेनंतरच सोडणार असाल ना?” संपत सरांच्या आवाजात काही राग नव्हता. “नाही, आम्हीपण तेच करतो. माझं एक पोरगं वरवंडला गेलंय, मीपण धरून ठेवलंय त्याला. नाईलाज आहे.”

“तोवर बसवा तिला वर्गात. नुसतं बसू द्या.”

“बसवलं असतं हो. पण तिचं नाव तुमच्याकडं, आणि पडली-झडली, काय झालं तर जबाबदार मी. बापाला सांगितलंय, घरी थांबा आठ-दहा दिवस. पोरगी हुशार दिसती. दारातून माझा फळा वाचून दाखवला तिनं सगळा.”

“हो,” गुरुजी म्हणाले. “वाचती ती.”

फोन ठेवल्यावर त्यांनी लॅपटॉप मागून घेतला. पडद्यावर अंशिकाची विनंती होती, तिच्यासमोर दोन चौकोन: मान्य, अमान्य. मॅडमनी लॅपटॉप दिला आणि त्या मुलांच्या वह्या तपासायला लागल्या. एकच वही बराच वेळ तपासत राहिल्या. त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी बंद केला. मग कुणी काही न विचारता म्हणाल्या, “पाळणाघरातून होता. ताप आहे तिला. निघते मी मधल्या सुट्टीत, इथून दहा मिनिटांवर तर आहे.”

भोरच्या डोंगरातून दहा मिनिटांवर काही नव्हतं. गुरुजींनी लॅपटॉप मिटला. यात मॅडमनी काही मागितलं, असं म्हणता येणार नाही. गुरुजींनी काही दिलं, असंही नाही. त्यांनी फक्त बटण दाबलं नाही.

तीस सप्टेंबर आला. संध्याकाळी पाच वाजता संगणकावर पाझरवस्तीचा पट वीस असा कायम झाला. महिनाअखेरीची गोषवारा बेरीज गुरुजींनी केली. शंभर टक्के उपस्थिती सबंध शाळेत एकाच विद्यार्थिनीची होती.

मॅडमनी पेढे आणले होते. “मुलीचा वाढदिवस आहे,” त्या म्हणाल्या. तो मार्चमध्येच होऊन गेला होता. तेव्हाचे पेढेही गुरुजींनी खाल्ले होते. त्यांनी हेही खाल्ले.

एक ऑक्टोबरला सकाळी सव्वादहाला त्यांनी मान्यचं बटण दाबलं आणि दाखला लिहायला घेतला. मोठं, गोलसर अक्षर, एकही खाडाखोड नाही. वर्तणूक: उत्तम. प्रगती: उत्तम. एकतीस वर्षांत ‘समाधानकारक’च्या वर ते फारसे गेले नव्हते. शाळा सोडण्याचं कारण: पालकांचं स्थलांतर. शाळा सोडल्याचा दिनांक: तिथं त्यांनी त्या दिवशीची तारीख घातली, म्हणजे कागद कागदाशी जुळला.

दाखला पालकांनी न्यायचा असतो. गुरुजींनी रामसजीवनला फोन लावला, बंद होता. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती. परिसर स्वच्छता करून, मुलांना गोळ्या वाटून अकरा वाजता त्यांनी मोटारसायकल काढली. भागुबाईंनी फाटकाशी थांबवून एक डबा हँडलला अडकवला. “शेंगदाण्याचं लाडू हायत. तिला म्हनावं, आजीनं दिल्यात. आन् तुमी मधीच फोडू नका.”

न्हावऱ्यावरून पारगाव, भीमेचा पूल, चौफुला, आणि तिथून पुण्याच्या बाजूला वळून भांडगाव. दोन्ही अंगांनी ऊस, आणि उसात मधूनच पत्र्याची गोदामं. वडिलांबरोबर याच पट्ट्यात ते बैलगाडीतून तिसरी घेऊन फिरले होते. ओळखीचं काही लागलं नाही. त्यांनी गोदाम शोधायला तीन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी सापडलं.

फाटकावर हरिबा नावाचे वॉचमन होते, सत्तरीचे, अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि खाली धोतर.

“कोन पायजे?”

“रामसजीवन. उत्तर प्रदेशचा. मुलगी आहे एक, चौथीतली.”

“गेलं की त्ये.”

“कामावर?”

“गावाला. आठ दिस झालं. आजूबाजूला समदं हमाल गडी, दारू प्येनारं. आईबाप दोगंबी कामाव. पोरगी येकली खोलीत दिसभर. आई म्हनली, शाळा न्हाई तर हितं नको ठिवायला. मंग गेलं आजीकडं सोडाया. बाप येईल परत दिवाळीनंतर. पोरगी न्हाई यायची.” हरिबांनी गुरुजींच्या शर्टाच्या खिशातल्या दोन पेनांकडं पाहिलं. “तुमी मास्तर का?”

“हो.”

“त्या शाळंचं? ज्यांनी दाखला दिला न्हाई?”

गुरुजी म्हणाले, “आणलाय.”

“आता आनून काय उपेग.” हरिबा उठले. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. गाडी चुकलेल्या माणसाला सांगावं तसं सांगत होते. “या हिकडं. दावतो.”

गोदामाच्या मागच्या अंगाला हमालांच्या खोल्या होत्या. शेवटच्या खोलीच्या पत्र्यावर पांढऱ्या खडूनं वीस नावं लिहिलेली होती. एकाखाली एक, नंबरवार. पाझरवस्ती शाळेचं हजेरीपत्रक. नावांपुढं तारखांची घरं, घरांत रेघा. आडनावंसुद्धा बरोबर. गुरुजींनी सवयीनं शुद्धलेखनाची चूक शोधली, एकही नव्हती.

“खडू मीच दिल्ता,” हरिबा म्हणाले. “रोज सकाळच्याला साडेधाला हितं हुबी ऱ्हायची. नावं घ्यायची येकेक. आन् समद्यांचं हजर-हजर सोताच म्हनायची. निरनिराळ्या आवाजात, बरं का. मी फाटकावरनं ऐकायचो. करमनूक व्हायची. फकस्त सात नंबर आला की गप व्हायची.”

सात नंबरपुढं प्रत्येक घरात ‘ग’ होता. गैरहजर. सोळा दिवस, सोळा वेळा. बाकी एकोणीस जणांना तिनं एकही दिवस गैरहजर ठेवलं नव्हतं. खाली चौकट करून लिहिलं होतं:

पट २०
हजर १९
गैरहजर १

“मालक म्हनतोय पुसून टाक,” हरिबा म्हणाले. “पुसू का? तुमाला काय लागतंय का हेच्यातलं?”

गुरुजींनी खिशातून मोबाईल काढला, फोटो घेण्यासाठी उचलला, आणि परत ठेवला. दोन हजेरीपत्रकं एकाच महिन्याची, एकाच शाळेची. तपासणीला यातलं एकच दाखवता येण्यासारखं होतं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “पावसानं जाईल.”

लाडवांचा डबा त्यांनी हरिबांना दिला. हरिबांनी झाकण उघडून एक तोंडात टाकला आणि म्हणाले, “ग्वाड हाय.” पाझरवस्तीत परतल्यावर भागुबाईंनी डबा मागितला तेव्हा गुरुजी म्हणाले, तिथंच राहिला. “काय म्हनली पोरगी?” त्यांनी विचारलं. “गोड आहेत म्हणाली,” गुरुजी म्हणाले. एका महिन्यात त्यांना याची बऱ्यापैकी सवय झाली होती.

दाखला टेबलाच्या वरच्या खणात गेला. गोंड्यातल्या कुठल्या गावी पाठवायचा ते माहीत नव्हतं. प्रवेश नोंदवहीत मूळ गावाच्या रकान्यात ‘यूपी’ एवढंच लिहिलेलं होतं, गुरुजींच्याच अक्षरात. संगणकावर मात्र सगळं सुरळीत आहे. तिथं अंशिका भांडगावकडच्या शाळेत चौथीत शिकते.

नोव्हेंबरात कंपनीनं शाळा दत्तक घेतली. भिंती रंगवल्या, स्वच्छतागृहाचा दरवाजा बदलला, आणि फाटकावर दहा फुटी फ्लेक्स लावला. त्यावर मॅडमनी काढलेला तो फोटो होता. स्टुलावरची मुलगी, फळा, आणि खाली ठळक अक्षरांत, विद्यार्थी हाच केंद्रबिंदू. पिवळी बस आता त्याच्याकडं तोंड करून वळते.

हौसराव एकदा फ्लेक्सखाली थांबले. “चांगली दिसती की पोरगी. कुनाची हो गुरुजी?”

“तुमच्याच खोल्यांवरची.”

“आसं? कंची खोली?”

“रिकामी झाली ती.”

“न्हाई, रिकामी कुठली,” हौसराव म्हणाले. “त्याच दिशी भरली.”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिक्षकांच्या मंजूर पदांचं पत्र आलं. मॅडमनी ते मोबाईलवर उघडलं आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. पाझरवस्ती, मंजूर पदं दोन. त्यांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले आणि खालचा मजकूर मोठ्यानं वाचला. “चालू वर्षीच्या ऑनलाइन माहितीत तांत्रिक अडचणी आल्यामुळे यंदा मंजूर पदांसाठी गतवर्षीची पटसंख्या ग्राह्य धरण्यात आली आहे.”

वऱ्हांड्यात कुणीतरी बेचा पाढा म्हणत होतं.

“सर,” त्यांनी विचारलं, “गेल्या वर्षी आपला पट किती होता?”

गुरुजींनी कपाटातून गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक काढलं, चष्मा लावला, आणि पाठ असलेला आकडा बघून सांगितला.

तेवीस.